रेडिएटरच्या पोटातली हवा

नमस्कार श्रोतेहो. दोन वर्षांमागे जानेवारीत मी लेकीकडे होते, इंग्लंडात, लीड्सला. बाहेर पारा शून्याखाली, आणि मी घरात सुती साडीवर भाकऱ्या थापतेय. ही सेंट्रल हीटिंगची करामत.

आपला न्हाणीतला बंब आठवा. तिथे बंबाच्या जागी भिंतीवर गॅसचा बॉयलर. तो पाणी तापवतो, पंप ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये, म्हणजे धातूच्या चपट्या पोकळ पेटीत, ऊब देऊन ते कोमट होतं आणि परत बॉयलरकडे येतं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. लक्षात ठेवा हं, तेच पाणी. आणि खोली किती तापवायची ते ठरवणारा थर्मोस्टॅट 30 अंशांवर नेला म्हणून खोली लवकर तापत नाही. आमच्या ह्यांना हे अजून पटलेलं नाही.

तर एका सकाळी माझ्या खोलीतला रेडिएटर खाली कढत, वर गार. आतून गुडगुड. जावई म्हणाले, "आई, हवा अडकलीय. संध्याकाळी काढतो."

संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय! खणात पितळेची चिमुकली चावी सापडली. हीटिंग बंद केलं, एवढी अक्कल होती. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खुंटीला चावी लावली, अर्धा वेढा फिरवली. सुस्स! हवा सुटली. मी खूश.

हवा संपून पाणी दिसलं की चावी लगेच आवळायची असते. परत सांगते, लगेच. मी बघत बसले. शाईसारखी काळी पिचकारी थेट लेकीच्या पांढऱ्या गालिच्यावर! तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, आतलं लोखंड गंजतं, म्हणून काळं. आणि घरभर पांढरा गालिचा कशाला घालतात हो? आपली शहाबादी फरशी बरी, फडकं मारलं की झालं.

डागावर मी माझी बॅग सरकवली आणि हीटिंग लावलं. बॉयलर ढिम्म. हवेबरोबर पाणीही गेलं होतं, आतला दाब उतरला होता. थंड असताना दाबाचा काटा 1 ते 1.5 बारच्या (बार हे दाबाचं माप) मध्ये असावा लागतो, तो अर्ध्याच्याही खाली. दिवसभर दोन शाली पांघरून बसले.

जावई आले. बॉयलरखालची तोटी उघडून त्यांनी नळाचं पाणी आत सोडलं, काटा सव्वावर आल्यावर बंद केली. बॉयलर घुमायला लागला. मग रेडिएटर चाचपायला माझ्या खोलीत आले.

"छान तापलाय. पण आई, ही बॅग अशी मधोमध का?"