शाळेत एक माणूस जास्त हवा

श्रोतेहो, नमस्कार.

आज दिव्यांग मुलांच्या शाळेतल्या वागण्याविषयी बोलायचं आहे, आणि त्याच्या जोडीला पैशाविषयी. वर्गातून पळणारं, स्वतःच्या हाताला चावणारं, शेजारच्याला ढकलून देणारं मूल शाळेत आलं की सगळे विचारतात, याला आवरायचं कसं? मी विचारते, याच्यासाठी शाळेत माणूस कोण आहे, आणि त्या माणसाचा पगार कोण देणार?

एका मुलाची हकिगत सांगते. मी केंद्रप्रमुख होते तेव्हाची. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी. दोन शिक्षकी म्हणजे काय, हे खेड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. पहिली-दुसरीला बाई, तिसरी-चौथीला गुरुजी. मुलगा दुसरीत, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. बोलणं दोन-चार शब्दांचं, पण शंभरपर्यंतचे अंक धडाधड लिहायचा. आणि एखाद्या दिवशी एकदम उठून दाराबाहेर. शाळेला लागून डांबरी रस्ता. चौथीतली पोरं त्याच्यामागं धावायची. शेवटी आजी रोज येऊन व्हरांड्यात बसू लागली. गावात कुणी म्हणालं देवऋष्याला दाखवा, कुणी म्हणालं निवासी शाळेत घाला. गुरुजी मला म्हणाले, "मॅडम, एक दिवस हा गाडीखाली येईल." ते चिडून बोलत नव्हते, घाबरले होते.

तालुक्यातून फिरत्या विशेष शिक्षिका यायच्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. कितीतरी शाळा त्यांच्याकडे, त्यामुळे इथली पाळी पंधरवड्यानं. आणि ताई आल्या की मुलगा नेमका शांत बसलेला! पळताना तो त्यांना दिसेचना. मग ताई स्वयंपाकखोलीत गेल्या. मावशी खिचडी ढवळत होत्या, भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं. ताई म्हणाल्या, "मावशी, घरी दुधाचे खाडे मांडता ना? तसं तो पळाला की त्या तारखेवर फुली मारा. का पळाला ते कुणाला विचारू नका. नुसती फुली, आणि वेळ."

मावशींनी महिनाभर फुल्या मारल्या. शेजारी बारीक अक्षरात ‘खिचडीच्या आधी’, ‘प्रार्थना झाल्यावर लगेच’. शाळेतलं सगळ्यात चांगलं निरीक्षण पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं असतं, असं माझं ठाम मत आहे. मानधन मात्र त्यांनाच सगळ्यात कमी.

पुढच्या पाळीला ताईंनी कालनिर्णय खिळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि गुरुजींकडे हालचाल रजिस्टर मागितलं, शिक्षक शाळेबाहेर कुठं गेले ते लिहितात ते. एका फुलीवर बोट ठेवायचं, तीच तारीख रजिस्टरात बघायची. ‘तालुक्याला बैठक.’ पुढची फुली: ‘माहिती सादर करणे.’ पुढची: ‘प्रशिक्षण.’ एका फुलीला नोंद सापडेना. हजेरीपत्रक काढलं, तर त्या दिवशी बाईंची किरकोळ रजा. गुरुजी नुसते बघत राहिले.

शाळेत एकच शिक्षक असला की चारही वर्ग एका खोलीत बसायचे. त्याची खिडकीखालची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असायची. गलका वाढलेला, आणि असं होणार हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसायचं. म्हणून तो पळायचा.

इथं मनातलं बोलूनच टाकते. शाळेच्या वेळात शिक्षकाला कागद घेऊन तालुक्याला बोलावणं बंद झालं पाहिजे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन रकाने भरणं, सगळं त्यांच्याच माथी. दोन शिक्षकी शाळेतला एक गेला की अर्धी शाळा गेली. नोकरीत असताना मी हे प्रत्येक बैठकीत मांडत आले, आजही मांडते.

तर ताईंनी एका पुठ्ठ्यावर गुरुजींचा आणि बाईंचा पासपोर्ट फोटो चिकटवला. परिपाठाआधी जो आला असेल त्याच्या फोटोला कपड्यांचा चिमटा लावायचा. एकच चिमटा दिसला की मुलानं स्वतःचं बस्कर उचलायचं आणि बाकीची पोरं आत यायच्या आधी खिडकीखाली टाकायचं. फुल्या एकदम थांबल्या नाहीत. पण दिवाळीनंतरच्या पानांवर त्या शोधाव्या लागायच्या. आजी पुन्हा खुरपायला जाऊ लागली, बुडालेली रोजंदारी सुरू झाली.

यात खर्च कशाचा झाला? पुठ्ठा, चिमटा, बस्कर. याचं बिलसुद्धा कुणी लावणार नाही. खर्च झाला तो ताईंच्या वेळेचा. म्हणून म्हणते, पैसा माणसावर खर्च व्हायला हवा. चाकाची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र हवंच आहे, त्यांची पावती मिळते, वाटपाचा फोटो निघतो. महिनाभर फुल्या मोजत बसण्याची पावती निघत नाही, म्हणून ते काम अंदाजपत्रकात येतच नाही.

2018 पासून समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलासाठी वर्षाला 3500 रुपयांची तरतूद आहे. केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. शाळेचे 200 दिवस धरले तर दिवसाला 17 रुपये 50 पैसे. विशेष शिक्षकांचं मानधन वेगळं, आणि खरी ओढाताण तिथंच. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रमाण घालून दिलं, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना 15 मागे 1. मार्च 2025 मध्ये पुन्हा राज्यांना सांगावं लागलं की पदं जाहीर करा, भरती करा. आपल्याकडे ही मंडळी वर्षानुवर्षं कंत्राटावर राबली. आमच्या ताईही शेवटी दुसऱ्या नोकरीला गेल्या, कारण त्या मानधनात घर चालत नव्हतं. जागा रिकामी राहिली. मुलगा पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला, तिथं चिमट्याचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता, आणि तो पुन्हा पळू लागला. पुन्हा सांगते, पैसा माणसावर हवा, आणि तो माणूस टिकायला हवा.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, अध्ययन अक्षमता आहे. अतिचंचलता त्या यादीत नाही. म्हणजे मूल नुसतं अतिचंचल असेल तर प्रमाणपत्र नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून तरतूदही बहुधा नाही. वर्गात सगळ्यात जास्त छड्या खाणारी मुलं बरेचदा हीच. छडी तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद केली आहे, आणि आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढताही येत नाही. ‘याला घरीच ठेवा’ असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य तुम्ही आहात. शाळा विकास आराखडा तुमच्याच सहीनं वर जातो. त्यात रंगरंगोटी असते, कुंपण असतं. त्यात लिहा की आमच्या शाळेत इतकी दिव्यांग मुलं आहेत आणि आम्हाला विशेष शिक्षक आठवड्यातून अमुक दिवस हवा, एक मदतनीस हवी. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातलं शाळेतल्या मुलांसाठी काय झालं, ते ग्रामसभेत उभं राहून विचारा. आयांनो, तुम्ही विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत मागून घ्या.

नमस्कार.