थिजलेल्या तुपाचा थेंब आणि छोटा अणु रिऍक्टर

(रामबाग, इंदूर. जानेवारीची सकाळ. पोह्यांच्या प्लेटा बाजूला सरकवल्यात, टेबलावर तांब्याच्या दोन चपट्या नळ्या)

या नळ्या काकांनी भंगारातल्या लॅपटॉपमधून काढल्यात. यांना हीट पाइप म्हणतात. दोन्हींच्या टोकाला साजूक तुपाचा थिजलेला थेंब लावलाय. पहिली नळी उकळत्या पाण्यात... आणि बघा, थेंब ओघळला पण. आत अगदी थोडंसं पाणी असतं, खालच्या गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे पळते, तिथे उष्णता सोडून परत पाणी होते आणि आतल्या जाळीतून माघारी येते. ना पंप, ना मोटर.

दुसरी नळी रात्रभर फ्रीजरमध्ये होती, आतलं पाणी बर्फ झालंय. हिला शेवटी बुडवू.

(नेवाडा, जुनं फुटेज)

अशा नळ्या अमेरिकेतल्या लॉस अलामॉस या अणुसंशोधन प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये करून दाखवल्या होत्या, आणि त्याच लॉस अलामॉसच्या लोकांनी नासाबरोबर मार्च २०१८ मध्ये हा क्रस्टी नावाचा छोटा रिऍक्टर चालवला. यात ८ नळ्या, आणि पाण्याऐवजी सोडियम. सोडियम ९८ अंशांना वितळतं, म्हणजे रिऍक्टर गार असताना आठही नळ्या आतून घट्ट गोठलेल्या. खरी अडचण इथेच आहे. वितळलं तरी सुरुवातीला वाफ इतकी विरळ असते की ती आवाजाच्या वेगाला पोचली तरी उष्णता फार थोडी नेते, आणि तेवढ्यात कोणी घाईने पॉवर चढवली तर ती उष्णता जाणार कुठे? वर लांबच्या गार टोकाला पोचलेलं सोडियम तिथेच गोठून बसलं तर गरम टोक कोरडं पडतं ते वेगळंच.

म्हणून हे बघा किती हळू चाललंय. युरेनियमच्या गाभ्याभोवती बेरिलियम ऑक्साइडची ही जाड कडी निसटणारे न्यूट्रॉन, म्हणजे युरेनियमचे अणू फोडत जाणारे कण, परत आत पाठवते, ती खालून जरा जरा वर चढवायची. पॉवर चढते, धातू तापून फुगतो, फुगला की न्यूट्रॉन जास्त निसटतात आणि पॉवर आपोआप उतरते. मग नळ्या जाग्या होऊन उष्णता ओढायला लागतात, गाभा जरा निवतो, पॉवर परत वर. ग्राफवरची ही चढउतार मी कितीदा तरी बघितलीये, शेवटी ८०० अंशांच्या आसपास सगळं स्थिर होतं. छोट्या रिऍक्टरचं नाव निघालं की लोक वीज किती मिळेल ते विचारतात, मला वाटतं आधी हे सुरुवातीचे तास विचारावेत.

२८ तासांच्या या चाचणीत मुद्दाम उष्णता काढणं कमी केलं तेव्हा पॉवर स्वतःहून खाली आली. इंधन अतिसमृद्ध, म्हणजे बॉम्बलाही चालेल अशा युरेनियमचं होतं, त्याच्या पहाऱ्याचा आणि कचऱ्याचा प्रश्न आहेच.

(परत रामबाग)

आता दुसरी नळी. काका, बुडवा.

थेंब तसाच आहे... अजून तसाच... कड जरा चमकायला लागली... हां, सरकला.