दुरेघी वही कोणी देत नाही

(भुसावळ येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, पाळकसाहेब, आणि रविवारची दुपारची झोप मोडून येथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘सेवाकार्याला वस्तू द्याव्यात की पैसा?’ असा छापला आहे आणि त्या विषयाकडे मी नक्की येणार आहे. मात्र तिथे जाण्याची वाट आमच्या टेम्पोतून जाते, आणि तो टेम्पो किती ठिकाणी थांबला हे त्यात बसलेल्यांना चांगलेच आठवत असेल.

नंदुरबार जिल्ह्यात देवगोई घाट चढून मोलगीच्या अंगाला गेले की आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या सेवाकार्यातून चाललेले एक छोटे वसतिगृह आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पावरा आणि भिल्ल कुटुंबांतील मुले तिथे राहतात आणि जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. त्यांना आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके शासनाकडून मोफत मिळतात. वह्या मात्र मिळत नाहीत. मी पस्तीस वर्षे शिक्षकी केली आणि या एका वाक्यापाशी दर जून महिन्यात अडखळलो. पुस्तक वाचायला आहे, पण उत्तर लिहायचे कशावर? हा प्रश्न शासनालाही पडला असावा, कारण 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने बांधून देण्यात आली. पुस्तके जाड झाली, चार भागांत वाटली गेली, आणि पुढे 2025 साली तो निर्णय मागेही घेतला गेला. त्या कोऱ्या पानांची वर्गात काय गत झाली, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्यासाठीही मला बोलावले तर मी येईन.

तर गेल्या मे महिन्यात आम्ही चौघांनी एक ‘छोटा हत्ती’, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, भाड्याने घेतला आणि भुसावळहून जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री असे करत, ओळखीच्या मंडळ्या, शाळा आणि दुकानदार यांच्याकडून शालेय साहित्य गोळा करत, कोंडाईबारीचा घाट उतरून पुढे नंदुरबारमार्गे सातपुड्यात जायचे ठरवले. खोकी लागणार होती, आणि जळगाव जिल्ह्यात फुकट मिळणारे मजबूत खोके म्हणजे केळीचे खोके, हे लहान मूलही सांगेल. त्या खोक्यांना हवेसाठी भोके असतात आणि आत कुठेतरी चीक लागलेला असतो, हे आम्हाला पारोळ्याच्या पुढे कळले. केळीच्या चिकाचा डाग कापडावरून जात नाही हे येथील प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. तो कागदावरूनही जात नाही, ही त्यात माझी भर समजावी. चिकापेक्षा वाईट गत मेणाच्या खडूंची झाली. जेवणासाठी दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या बंद टेम्पोत, मे महिन्यात, धुळ्यात, मेण मेण राहत नाही. सहा पेट्यांचे मिळून एकच बहुरंगी ढेकूळ झाले आणि त्याने खालच्या वह्यांचा एक गठ्ठा असा घट्ट धरला की शेवटी तो सुरीने सोडवावा लागला.

यात दात्यांचा काही दोष नाही, मूर्खपणा सर्वस्वी आमचा. आता जे सांगणार आहे त्यात मात्र आमचा दोष नाही.

आम्हाला त्रेचाळीस डायऱ्या मिळाल्या. कार्यालये दिवाळीनंतर वाटतात तशा, सोनेरी कडेच्या, फितीच्या खुणेसह आणि मागे पिनकोडांच्या यादीसह. सर्वांत जुनी 2011 सालची होती. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, कारण कोरे पान हे कोरेच असते. पण वसतिगृहातल्या तिसरीच्या एका मुलीला अशी डायरी मिळाली आणि महिन्याभराने तिच्या शिक्षिकेने मला तिचे पाढे दाखवले, तेव्हा त्यात अधूनमधून मोकळी जागा दिसली. चौकशी केली तर कळले की रविवारची जागा तिने सोडून दिली होती. तिथे अक्षरे लाल होती, आणि वसतिगृहात रविवारी अभ्यास नसतो, उपासना असते. पाळकसाहेब हसत आहेत, पण आपल्याच शिकवणीचा हा परिणाम आहे. मुलीने शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, पाळला आणि सातचा पाढा शनिवारवरून थेट सोमवारवर गेला.

दुसरा प्रकार वापरलेल्या वह्यांचा. घरातल्या मुलाने पुढची दहा-बारा पाने लिहिलेली असतात. आई ती नीट फाडते आणि उरलेली वही आपल्याला देते. पण पिना मारलेल्या वहीत पुढचे प्रत्येक पान मागच्या एका पानाला जोडलेले असते. पुढची अकरा फाडली की मागची अकरा मोकळी होतात. ती टेम्पोच्या पहिल्याच खड्ड्याला सरकतात आणि साक्रीपर्यंत खोक्याच्या तळाशी जाऊन बसतात. घरात कोरी दिसलेली वही मुलाच्या हातात पडेपर्यंत तिची पालापाचोळ्यासारखी गत झालेली असते.

तिसरा प्रकार नेत्यांच्या छायाचित्रांच्या वह्यांचा. त्याविषयी इतकेच सांगतो की एका गठ्ठ्यावरील महोदयांनी वह्या छापल्यानंतर पक्ष बदलला होता आणि म्हणून तो गठ्ठा आमच्या वाट्याला आला होता. कागद मात्र उत्तम होता.

पण ज्या दुःखासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले ते या तिन्हींहून साधे आहे. चार दिवसांत आम्हाला ज्या नव्याकोऱ्या वह्या मिळाल्या, त्यांतील बहुतेक दोनशे पानी आणि एकेरी होत्या. कारण उघड आहे. दाता दुकानात जातो, ‘चांगली वही द्या’ म्हणतो, आणि दुकानदार त्याला तीच देतो. वसतिगृहात मात्र निम्मी मुले पहिली ते तिसरीची आहेत. त्यांना मराठीसाठी दुरेघी हवी आणि इंग्रजीसाठी चौरेघी, कारण 2000 सालापासून आपल्याकडे इंग्रजी पहिलीपासूनच आहे. गणितासाठी चौकड्यांची हवी. एकेरी वहीत पहिलीच्या मुलाच्या अक्षराला शिरोरेषा टांगायला ओळ मिळते, पण खाली तळ मिळत नाही. मग अक्षर लोंबत राहते आणि त्याचा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत जाऊन अडकतो. ते मूल घरी भिलोरी किंवा पावरी बोलते, शाळेची मराठी त्याला आधीच परकी असते. त्यात वहीही मोठ्यांची. पहिलीचा वर्ग ज्यांनी कधी घेतला आहे, ते मी काय म्हणतो हे जाणतात.

एरंडोलला एका किराणा दुकानदाराने मला याच मुद्द्यावर अडवले. मी त्यांच्यापुढे सेवाकार्याचे महत्त्व पाच मिनिटे सांगत होतो. ते ऐकत ऐकत शेंगदाणे मोजत होते. शेवटी म्हणाले, “भाऊ, तुमले काय जोयजे ते आधी सांगा ना!” मी यादी काढायला खिशात हात घातला आणि माझ्याजवळ यादी नव्हती. निवृत्त मुख्याध्यापक, आणि यादी नाही! त्यांनी पाचशे रुपये दिले आणि पावती मागितली. पावतीपुस्तकही भुसावळलाच राहिले होते. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये असे शुभवर्तमान सांगते, पण ते देणाऱ्याला सांगितले आहे. घेणाऱ्याचे दोन्ही हात हिशेबाला असले पाहिजेत.

अध्यक्ष महोदयांची चिठ्ठी मिळाली आहे. तिच्यावर ‘सात मिनिटे’ लिहून ते खोडले आहे आणि ‘पाच’ केले आहे. तेव्हा आता जाहीर झालेला विषय.

यादी घेणाऱ्याने करावी, देणाऱ्याने नव्हे. वसतिगृहाच्या गृहपालांनी एप्रिलअखेर इयत्तेप्रमाणे पत्रक पाठवावे आणि तेच प्रत्येक मंडळीत वाचून दाखवावे. वस्तू द्यायची असेल तर त्या पत्रकातलीच द्यावी. नाहीतर पैसा द्यावा, आणि माझे मत पैशाच्या बाजूने आहे. दोनशे पानी वहीचे वजन साधारण पाव किलो भरते. छोटा हत्ती पाऊण टन वाहतो, म्हणजे तीन हजार वह्यांत तो भरला. त्या वह्या भुसावळहून घाटावर नेण्यापेक्षा नंदुरबारला घाऊक दराने घेतल्या तर डिझेल वाचते, चीक लागत नाही आणि मेण वितळत नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. त्यातून वाचलेल्या पैशाच्या दुरेघी घ्याव्यात.

ही कल्पना माझी नाही. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ गावोगाव फिरून बोलल्या. त्यांनी तिथल्या लोकांकडे जुने कपडे किंवा जुनी पुस्तके मागितली नाहीत. 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षे मदतीची हमी घेतली, आणि त्या आधारावर मार्च 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन उघडले. काम काय, खर्च किती, किती वर्षे, हे आधी मांडलेले होते. आपल्या मंडळीत घरटी वर्षाला दोन दुरेघी आणि एक चौरेघी इतक्या किमतीची वर्गणी ठरली, तरी पाच वर्षे मला टेम्पोत बसावे लागणार नाही.

धुळ्यात एका तरुणाने विचारले होते की वह्या देऊन तुम्ही धर्म देता का. प्रश्न रास्त आहे आणि सभेतही कुणाच्या मनात असेल, म्हणून उत्तर देतो. वहीच्या मुखपृष्ठावर वचन छापू नये, मंडळीचे नाव नको, दात्याच्या नावाचे स्टिकरही नको. तिथे मुलाचे नाव आणि इयत्ता लिहायची असते. या सूचनेला आपल्यातल्याच काहींचा विरोध आहे हे मला ठाऊक आहे. तो वाद आपण महिन्याच्या बैठकीत घालू.

शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचा, दाखला देण्याचा विचार होता, पण वेळ संपली आहे आणि तो पाळकसाहेबांचा प्रांत आहे.

बाहेर पडताना डावीकडच्या टेबलावर नोंदवही ठेवली आहे. गृहपालांचे पत्रक तिच्या पहिल्या पानाला टाचले आहे: पहिली ते चौथी, इयत्तेप्रमाणे दुरेघी, चौरेघी, चौकड्यांची, पाचवीपासून एकेरी, तीही शंभर पानी, त्याखाली पाट्या, टोकयंत्रे, सहा कंपासपेट्या, आणि तळाशी त्यांच्या हस्ताक्षरात ‘डायरी नको’. पावतीपुस्तक या खेपेस आणले आहे. पेन दोरीने बांधलेले आहे, कृपया ओढू नये.