तळ्याच्या थेंबात कोण कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला की आपल्या सातारा जिल्ह्यात साचलेल्या पाण्याला तोटा नसतो. कासच्या रस्त्याकडेची डबकी, जावळीतली भातखाचरं, गुरांचे हौद, कोरेगाव-खटावकडची शेततळी, साताऱ्यातलं मंगळवार तळं, अगदी अंगणातल्या कुंडीखालची ताटलीसुद्धा. अशा पाण्यात सिलिएट नावाचे जीव राहतात. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. सगळा जीव एकाच पेशीचा, आणि त्या पेशीवर हलणाऱ्या बारीक केसांच्या, म्हणजे रोमकांच्या, रांगा. शाळेच्या वहीत पॅरामेशियमची आकृती आपण सगळ्यांनी काढलेली आहे. तो यांच्यातलाच. पुस्तकात तो बिचारा एकटा असतो, नावं दाखवणाऱ्या बाणांसकट. डबक्याच्या थेंबात त्याचे सतरा भाऊबंद एकदम धावत येतात आणि बाण कोणालाच नसतात. मग यातला कोण कोण, हे ठरवायचं कसं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक उघडून चित्राशी चेहरा जुळवत बसू नका. तो जीव वागतो कसा, ते आधी पाहा. पोहतो, चालतो, की एका जागी चिकटून बसतो? धक्का लागला की काय करतो? अंग वाकवतो, की ताठ राहतो? एवढ्यावरच निम्म्याहून अधिक काम होतं. आकार नंतर, मोजमाप त्याच्यानंतर, आणि नाव सगळ्यांत शेवटी.

मायक्रोस्कोप शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा चालतो. अंबाल्याहून आलेला, आरशाचा असला तरी हरकत नाही. फक्त आरसा थेट सूर्याकडे कधी वळवू नका, डोळ्याला इजा होते. 4, 10 आणि 40 पटींची तीन ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे खालची भिंगं, वर डोळा लावायचं 10 पटींचं आयपीस, म्हणजे 40 पटींपासून 400 पटींपर्यंत. बस झालं. 2000 पट मोठं दाखवतो अशा जाहिरातींच्या नादी लागू नये. मोठं दिसतं, पण स्पष्ट दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला कागदी फोल्डस्कोप 2014 साली जगापुढे आला. तो साधारण 140 पटींचा. त्यातूनही हे जीव दिसतात, पण पळणाऱ्याचा पाठलाग करताना बोटं अवघडतात. टेबलावरचा मायक्रोस्कोप असेल तर तोच बरा.

आता एक साधी गोष्ट, जी बरेच जण करत नाहीत. काचपट्टीखाली प्रकाश सोडणारी झडप, म्हणजे डायाफ्राम, निम्म्याहून जास्त बंद करा. हे जीव काचेसारखे पारदर्शक. भरपूर उजेडात ते विरून जातात. उजेड कमी केला की कडा उठून दिसतात, रोमकांची लहर दिसते. नवशिक्याला "काहीच दिसत नाही" असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा उजेड जास्त झालेला असतो.

पाणी आणताना तळ्याच्या मधलं नितळ पाणी आणू नका. तिथं फारसं कोणी नसतं. काठच्या दगडावरचं शेवाळ, सडलेली पानं, पाणवनस्पतींची मुळं, तळाचा वरवरचा गाळ असं थोडं थोडं रुंद तोंडाच्या बाटलीत घ्या. बाटली अर्धी रिकामी ठेवा आणि झाकण सैल. कासच्या पठारावर मात्र हात घालू नका. 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथल्या डबक्यात पाय घालून बाटली भरण्याइतकं अडलेलं नाही. तुमच्या गोठ्यापुढचा हौद त्याहून श्रीमंत निघेल.

घरी आल्यावर पानाचा किंवा मुळाचा तुकडा काचपट्टीवर दाबून एक थेंब काढा. कव्हरस्लिप, म्हणजे थेंबावर झाकायची पातळ काच, टाकण्याआधी कापसाचे दोन-चार तंतू त्या थेंबात विस्कटून ठेवा. त्यांच्या जाळ्यात पोहणारे अडकतात आणि जरा सवडीनं बघता येतात. एवढं करूनही पळत असतील तर कव्हरस्लिपच्या कडेला टीपकागद लावून थोडं पाणी ओढून घ्या. काच खाली बसते, जीव चेपतो, वेग मंदावतो. फार ओढलंत तर तो फुटतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत विरघळून जातो, तेव्हा हात आखडता ठेवा.

40 पटींवर पहिल्यांदा जे लक्ष वेधून घेतं ते बहुधा पळणारं असतं. लांबट, स्वतःभोवती गिरक्या घेत नागमोडी जाणारं, आणि कशाला धडकलं की मागे सरून, तोंड थोडं वळवून पुन्हा पुढे घुसणारं. ही पॅरामेशियमची चाल. त्याला एकदा जाळ्यात अडकू द्या आणि 400 पटींवर जा. अंगाच्या दोन टोकांकडे दोन पारदर्शक गोल दिसतील. एक हळूहळू फुगतो, भोवती चांदणीसारख्या नळ्या उमटतात आणि पटकन गोल नाहीसा होतो. थोड्या वेळानं दुसरा. या संकोची रिक्तिका. गोड्या पाण्यात राहणाऱ्या या पेशीत बाहेरचं पाणी सारखं झिरपत असतं, आणि ते उपसून टाकायला हे दोन पंप अखंड चालू. आपल्याकडच्या मोटेवर जसा पाण्याचा हिशोब लागायचा, तसाच इथेही घड्याळ लावून लावता येतो. दोन रिकामं होण्यांमधलं अंतर सेकंदांत मोजा. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला अगदी फिक्या मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेनं टीपकागदानं ओढा. पंप मंदावतात. बाहेरचं पाणी खारट झालं, आत झिरपणं कमी झालं, उपसा कमी झाला. आठवीच्या पोरालाही परासरण यातून जेवढं कळतं, तेवढं बटाट्याच्या प्रयोगातून कळत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

पॅरामेशियम हिरवागार दिसला तर दचकू नका. त्याच्या आत क्लोरेला नावाचं शैवाल राहतं. तो पॅरामेशियम बर्सारिया. इतरांहून आखूड आणि रुंद, साधारण 100 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हे मायक्रॉन मोजायचे कसे, त्याला महागडी पट्टी लागत नाही. 4 पटींच्या ऑब्जेक्टिव्हखाली शाळेतली प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये बघा. समजा साडेचार मिलिमीटर आला. तर 10 पटींच्या ऑब्जेक्टिव्हला तो 1.8 मिलिमीटर आणि 40 पटींच्याला 0.45 मिलिमीटर, म्हणजे 450 मायक्रॉन. जीव त्या गोलाचा कितवा भाग व्यापतो, त्यावरून अंदाज येतो. पॅरामेशियम कॉडेटम 170 ते 300 मायक्रॉनांच्या आसपास असतो. तुमचा प्राणी 50 भरला तर तो कॉडेटम नाही. तो पॅरामेशियमसारखा कितीही दिसो.

आता चिकटून बसणाऱ्यांकडे येऊ. मुळाच्या किंवा शेवाळाच्या कडेला देठावर उभी असलेली घंटा दिसली की ती व्होर्टिसेला. घंटेच्या तोंडाशी रोमकांचा फेरा गरगरतो आणि पाण्याचा भोवरा करून जिवाणू आत ओढतो. मायक्रोस्कोपच्या स्टेजवर, म्हणजे काचपट्टी ठेवायच्या फळीवर, टिचकी मारा. देठ मळसूत्रासारखा गुंडाळून घंटा खाली बसते, इतक्या झटक्यात की मधली अवस्था डोळ्याला पकडताच येत नाही. काही मिलिसेकंदांचा खेळ. सरळ व्हायला मात्र तिला आरामात वेळ लागतो. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहुक यानं स्वतः घासलेल्या एका भिंगातून असे जीव पाहिले आणि 1676 च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्यात या घंटेचंही वर्णन आहे असं अभ्यासक मानतात.

पण झाडासारखी फांद्यांची वसाहत दिसली तर तिथं नाव घाईनं घेऊ नका. पुन्हा टिचकी मारा. एकेक घंटा आपापली, वेगवेगळी आखडली तर कार्केसियम. सगळी वसाहत एकदम गोळा झाली तर झूथॅम्नियम. आणि घंटा नुसत्या मान डोलावतात, देठ जागचा हलत नाही, तर एपिस्टायलिस. एका स्थिर फोटोत या तिघांत फरक करताना भल्याभल्यांची पंचाईत होते. टिचकीला तिघं तीन उत्तरं देतात. म्हणूनच मोबाइल आयपीसला लावून फोटो काढण्यापेक्षा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा. नंतर कोणा जाणत्याला दाखवायलाही तोच उपयोगी.

स्टेंटर म्हणजे तुतारी. आणि तीही नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसावा एवढी, ताणलेली असेल तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर. निळसर झाक असलेला स्टेंटर सेरुलियस उजेडापासून दूर सरकतो, तेव्हा बाटली खिडकीत ठेवली असेल तर तो अंधाऱ्या बाजूला शोधा. काचपट्टीवर घेतल्या घेतल्या तो आखडून गोळा होतो आणि तुतारीचा मागमूस राहत नाही. थांबा. पाच मिनिटं स्टेजला हात लावू नका, चहाचा कप घेऊन या. तो उघडतो आणि आत मण्यांच्या माळेसारखं मोठं केंद्रक दिसतं. सिलिएटांमध्ये मोठं आणि लहान अशी दोन तऱ्हांची केंद्रकं असतात, आणि मोठ्याचा आकार ओळखीला फार उपयोगी पडतो. स्टेंटर सेरुलियसची माळ, व्होर्टिसेलाची कमान, युप्लोटिसचा इंग्रजी सी. दिसत नसेल तर शाळेतलं मिथिल ग्रीन किंवा अ‍ॅसिटोकार्मिन एक थेंब सोडा. जीव मरतो, पण केंद्रक रंगतं. वागणं पाहून झाल्यावरच हे करावं, हे वेगळं सांगायला नको.

चालणारे सिलिएट पहिल्यांदा पाहताना हसूच येतं. स्टायलोनिकिया आणि युप्लोटिस यांची रोमकं एकत्र येऊन जाड कुंचले होतात, आणि त्यांच्यावर ते शेवाळाच्या काडीवरून तुरुतुरु पळतात, थबकतात, झटका देऊन मागे येतात. अंग ताठ, अंडाकृती, पोटाशी कुंचले मोजके, तर युप्लोटिस. शेपटाला तीन लांब केस, तर स्टायलोनिकिया. त्याच्याचसारखा पण अंग वाकवून फटीतून निघून जाणारा दिसला, तर ऑक्सिट्रायका किंवा त्याच्या गोतातला कोणीतरी.

पिंपाच्या आकाराचा, 50 मायक्रॉनांच्या आसपासचा, अंगावर चौकटी चौकटींचं चिलखत असलेला कोलेप्स. कव्हरस्लिपखाली एखादा जीव फुटला की हे कुठून तरी जमतात आणि त्याचे लचके तोडतात. हातातनं मोठा नमुना फुटला म्हणून हळहळण्याऐवजी त्या जागेवर नजर ठेवा, कोलेप्स शोधायची याहून सोपी रीत नाही.

एका तोतयापासून सावध. रोटिफर. त्याच्याही तोंडाशी रोमकं गरगरतात, आकारही सिलिएटाएवढाच, पण तो अनेक पेशींचा प्राणी. आत बघा, काहीतरी सारखं दळताना, चावताना दिसलं तर तो त्याचा जबडा. सिलिएटाला जबडा नसतो.

बाहेर डबकं आटलं तरी हा छंद घरी चालू ठेवता येतो. परदेशी पुस्तकात वाळलेलं गवत उकळा म्हणतात. आपल्याकडे उसाचं पाचट आहे, पश्चिमेकडे भाताचा पेंढा आहे. मूठभर उकळून, पूर्ण गार करून त्यात तळ्याचं थोडं पाणी घाला. आधी जिवाणू माजतात, पाण्याला वास येतो, वर साय धरते. त्या सायीखालचा थेंब रोज बघा. येल विद्यापीठातल्या वुडरफ यांनी 1912 साली गवताच्या अशाच पाण्यात कोण कोणानंतर माजतं याचा क्रम लावला: आधी चाबकासारख्या शेपटीचे बारीक जीव, मग कोल्पोडा नावाचे बारीक सिलिएट, मग चालणारे, त्यामागून पॅरामेशियम, आणि मग व्होर्टिसेला. तुमच्या बरणीत क्रम मागेपुढे होईल, पण थेंबातली वस्ती आठवड्यागणिक बदलते हे नक्की. तारीख घालून वहीत लिहीत जा. आणि पाणी हाताळल्यावर साबणानं हात धुवा, बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका.

आता नावाविषयी. पॅरामेशियम ऑरेलिया ही एकच जात आहे असं बराच काळ धरलं गेलं. अमेरिकेतले ट्रेसी सोनबॉर्न यांनी 1937 मध्ये दाखवलं की तिच्यात वेगवेगळे संकर-गट, म्हणजे जोडी कोणाशी जमते यावरून पडणारे गट, आहेत, आणि 1975 मध्ये त्यांनी तिच्या 14 जाती वेगळ्या केल्या. मायक्रोस्कोपखाली त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. तेव्हा घरच्या टेबलावर बसून "हा ऑरेलियाच" असं छातीठोक म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. आपण वहीत "पॅरामेशियम, ऑरेलिया गटातला" एवढंच लिहावं. पुष्कळदा जातीचं नाव सोडून नुसतं पॅरामेशियम, व्होर्टिसेला असं वंशाचं नाव लिहावं लागतं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

याचा अर्थ हौशी माणसानं मोठं काम करूच नये असा नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे आल्फ्रेड काल हे पेशानं शाळामास्तर. सिलिएटांकडे वळले तेही चाळिशी उलटल्यावर. 1930 ते 1935 या काळात त्यांनी या जिवांवर जो चार भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शेकडो नव्या जातींची वर्णनं आहेत. तज्ज्ञ आजही तो चाळतात.

एक प्रयोग मात्र पुढच्या उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात आटलेल्या डबक्याच्या तळाची भेगाळलेली माती चमचाभर आणा. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा आणि त्याच दिवसापासून दर काही तासांनी थेंब बघत राहा. मूत्रपिंडाच्या आकाराचा, बारीक, गिरक्या घेणारा जीव दिसला तर तो कोल्पोडा. पाणी आटताना तो स्वतःभोवती कवच करून मातीत पडून राहतो आणि ओल मिळाली की काही तासांतच बाहेर पडतो. दोन बरण्या ठेवा. एकीत नुसतं उकळलेलं पाणी, दुसरीत तेच पाणी आणि माती. म्हणजे आलेला पाहुणा नळातून आला की मातीतून, हा वाद घरात होणार नाही.

धन्यवाद.