बदकं कुठं जातात?

नमस्कार, श्रोतेहो.

रात्रीची वेळ. न्यूयॉर्कच्या स्टेशनवर १६ वर्षांचा एक मुलगा उतरतो आणि समोरच्या टेलिफोन बूथमध्ये शिरतो. भावाला फोन करावा? तो लांब हॉलिवूडला. धाकट्या बहिणीला? ती झोपली असेल, फोन आईवडील उचलतील. एकेक नाव मनात येतं आणि गळून पडतं. वीसेक मिनिटं आत काढून, कुणालाही फोन न करता तो बाहेर येतो.

हा होल्डन कॉलफिल्ड. जे. डी. सॅलिंजर यांच्या १९५१ सालच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीतला. पाचपैकी चार विषयांत नापास, शाळेनं काढून टाकलेला. इतिहासाचे मास्तर त्याला घरी बोलावतात आणि त्याचाच पेपर त्याला वाचून दाखवतात. तळमळीनंच करतात ते. पण ॲलीबद्दल विचारत नाहीत.

ॲली म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, ल्युकेमियानं गेलेला. होल्डन तेव्हा १३ वर्षांचा होता. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या काचा त्यानं मुठीनं फोडल्या. पाऊस आला की तो हात अजून ठणकतो. ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईनं कविता लिहिलेल्या होत्या. तो मोजा होल्डन जवळ बाळगतो. पुढं तर रस्ता ओलांडताना तो गेलेल्या भावालाच विनवतो, मला नाहीसा होऊ देऊ नकोस.

कॉलेजात असताना मला हा मुलगा उद्धट वाटला होता. सगळ्या जगाला ढोंगी म्हणतो, सारखा बोलतो. त्या बोलण्याच्या खाली काय आहे, ते गेल्या वर्षी कळलं.

गंगापूर रोडला आमच्या वरच्या खोलीत क्लासची मुलं राहतात. त्यातला एक सुरगाण्याकडचा, मोठा बडबड्या. दिवाळीनंतर त्याचा डबा तसाच परत यायला लागला. मी रोज जिन्यात त्याला विचारायचो, “टेस्ट कशी गेली?” दोन महिने मी एवढंच विचारलं. त्याची मला आजही लाज वाटते.

(घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर एक नंबर लिहून घ्या: १४४१६. टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.)

होल्डन टॅक्सीवाल्यांना एक प्रश्न विचारत फिरतो. सेंट्रल पार्कमधलं तळं गोठलं की तिथली बदकं कुठं जातात? एकाला वाटतं, पोरगं थट्टा करतंय. दुसरा चिडतो आणि माशांबद्दल बोलत सुटतो. मला वाटतं, तो स्वतःबद्दलच विचारत होता. आता मी कुठं जाऊ?

थंडीत बदकं कुठं येतात, हे आपल्या नाशिककरांना ठाऊक आहे. निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरला. जानेवारीत एका रविवारी पहाटे मी त्या मुलाला तिकडं घेऊन गेलो. पाण्यावर धुकं होतं. थापट्या बदकं चोची पाण्यात घालून फिरत होती, पलीकडं चक्रवाकांची जोडी. तो तासभर दुर्बीण सोडेना. टेस्टचं मी काही काढलं नाही.

परतताना चहाला थांबलो. ग्लास हातात धरून तो म्हणाला, “काका, माझा आजा गेला. दिवाळीनंतर. परीक्षा होती म्हणून मला घरून कुणी कळवलंच नाही.”

मी आणखी दोन चहा सांगितले. आम्ही बाराला निघालो.