आज पापड कुणाकडे?

(दृश्य : गच्ची. धुतलेली फरशी, चारी टोकांना विटा ठेवून अंथरलेलं जुनं धोतर.)

होळी झाली, ऊन तापायला लागलं की साताऱ्याच्या आमच्या वाड्यात एकच प्रश्न फिरायचा. आज पापड कुणाकडे?

निरोप धाडावा लागायचा नाही. पीठ भिजलं की हिंगाचा वास जिना उतरून सगळ्यांच्या दारात जायचा. दुपारची जेवणं उरकायची, आणि काकू, माई, वरच्या मजल्यावरच्या वहिनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर व्हायच्या. पोळपाट आपलं, हात आपले, पीठ शेजारचं.

(दृश्य : पाट्यावर पिठाचा गोळा. वरवंट्याचे घाव.)

उडदाचे पापड हे एकटीचं कामच नाही. पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवलेला गोळा तेलाचा हात लावून कुटायचा, ओढून लांबवायचा, घडी घालून पुन्हा कुटायचा. त्याचा रंग उजळेपर्यंत. मग त्याची लांब वळी करायची. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, दुसरं हातात. वळीला वेढा देऊन दोरा ओढला की लाटी अलगद सुटते. आम्ही मुलं तिथेच टपलेली असायचो. कच्च्या तेलात बुडवलेली लाटी ज्याने खाल्ली आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

पण लाटी थांबत नाही. वारा लागला की ती कडक होते, कडा चिरतात. दोन किलोचं पीठ घेऊन एकटी बाई बसली, तर शेवटच्या लाटीपर्यंत तिचे हातही गळतात आणि पीठही हट्टाला पेटतं. सहा-सातजणी लागतातच. कुरडईचंही तेच. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजताना एकीने पातेलं धरायचं, दुसरीने ढवळायचं, नाहीतर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. आणि हे सगळं मृगाच्या आत.

शेतात जसा बैलांचा पैरा, तसा इथे हातांचा. तू माझ्याकडे आलीस, मी तुझ्याकडे येणार. हिशेब कुणी लिहून ठेवत नव्हतं, पण विसरतही नव्हतं.

हात चालू असले आणि नजर पोळपाटावर असली की अवघड गोष्ट बोलता येते. माझ्या आत्याचं लग्न याच बैठकीत जमलं. कुणाच्या घरी फीचे पैसे कमी पडताहेत, कुणाचा नवरा महिनाभर कामावर गेलेला नाही, हे इथेच कळायचं. संध्याकाळी एखादीच्या पदराखालून डबा जायचा, नाहीतर पैसे. वाड्यातली कितीतरी घरं त्या वैशाखांनी सावरली, असं मी मनापासून मानते.

तरीही एक सांगायलाच हवं. हा गोतावळा सगळ्यांसाठी खुला नव्हता. पाळी आलेल्या बाईला पिठाला हात लावायची मुभा नव्हती. कुणाला बोलवायचं, हे जातही ठरवायची. आणि वर्षभर पापड खाणाऱ्या पुरुषांनी लाटणं कधी उचललं नाही. आठवणीत गोडवा आहे म्हणून हे झाकू नये.

(दृश्य : गिरगावातली जुनी इमारत. गच्चीकडे जाणारा लाकडी जिना.)

शेजारणींनी एकत्र बसायची ही सवय किती लांब जाऊ शकते, ते गिरगावात दिसलं. १५ मार्च १९५९. लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभा राहिला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आजही तिथल्या बहिणी भिजवलेलं पीठ घरी नेतात आणि पापड आपल्याच घरात लाटतात.

(दृश्य : स्वयंपाकघरातल्या फडताळातला पत्र्याचा डबा.)

आमच्या घरी वर्षाचे पापड अशा डब्यात राहायचे. त्यात सगळ्यांचे हात मिसळलेले असायचे, आणि आईला ते ओळखू यायचे. माईंचा पापड कागदासारखा पातळ. वहिनींचा थोडा लंबगोल. काकूंचा मधे पातळ, कडेला जाड.

एका आषाढात काकू मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या. खोलीला कुलूप लागलं. दिवाळीत त्या भेटायला आल्या, तेव्हा पहिल्यांदाच आमच्याकडे पाहुण्यासारख्या पाटावर बसल्या. आईने डब्यात हात घालून पापड शोधून काढला, तळला आणि त्यांच्या ताटात वाढला.

काकूंनी तो उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर माझाच."