सुट्या थरांची लॅटेक्स गादी

मित्रहो, कापसाच्या गादीचा एक गुण आपण विसरत चाललो आहोत. ती उसवता येत असे. गादी दबली, गोळे झाले की पिंजारी खोळ उसवून कापूस पिंजून पुन्हा भरून देई. लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचा फेस करून बनवलेली, गादी एकसंध ठोकळा म्हणून विकत घेतली तर ही सोय राहत नाही. थर सुटे ठेवून घरी रचली तर राहते. आजचे माझे बोलणे या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

रबराच्या झाडाच्या सालीला खाच पाडल्यावर जो पांढरा चीक ठिबकतो त्यात रबराचा अंश साधारण एक तृतीयांश असतो. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया मिसळतात आणि यंत्रात वेगाने फिरवून रबराचे प्रमाण 60 टक्क्यांपर्यंत वाढवतात. डनलॉप पद्धतीत या चिकात गंधक, साबण वगैरे मिसळून त्याचा फेस करतात, तो साच्यात ओततात आणि वाफेच्या उष्णतेने पक्का करतात. फेस स्वतः उष्णता सहजी आत जाऊ देत नाही, म्हणून साच्यात धातूच्या खुंट्या असतात. लॅटेक्सच्या थरात दिसणारी ती भोके म्हणजे या खुंट्यांच्या खुणा. टलाले पद्धतीत साचा थोडाच भरून निर्वात करतात, त्यामुळे फेस फुगून साचा भरतो. मग तो गोठवून, कार्बन डायऑक्साइड सोडून, शेवटी तापवतात. डनलॉपचा थर सहसा अधिक घट्ट लागतो आणि टलालेचा अधिक एकसारखा, पण कोणता श्रेष्ठ हा वाद मला निष्फळ वाटतो, कारण गादी बिघडते ती बहुधा थरांच्या निवडीत.

आधार आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंबर खाली जाऊ न देणे हे तळाच्या घट्ट थराचे काम, तर खांदा आणि नितंब यांना जागा करून देणे हे वरच्या मऊ थराचे. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा खोल रुततो, म्हणून त्याला वर तीन इंच मऊ थर सोसतो. पालथे झोपणाऱ्याला तोच थर कंबरदुखी देऊ शकतो. थराचा घट्टपणा आकड्यात सांगतात, आणि तो आकडा म्हणजे ठरावीक चकतीने थर जाडीच्या 25 टक्के दाबायला लागणारे बल. चाचणीच्या तुकड्याची जाडी सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे दोन उत्पादकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

माझा सल्ला असा, की तीन-तीन इंचांचे तीन थर घ्यावेत: तळाशी घट्ट, मध्ये मध्यम, वर मऊ. शंका असेल तेव्हा घट्टपणाकडे झुकावे. वरून मऊपणा वाढवणे सोपे असते, तळातला मऊपणा काढून टाकता येत नाही. आठवडाभर झोपून पाहावे आणि मग मधला व वरचा थर अदलून पाहावा, कारण तेच थर वेगळ्या क्रमाने अगदी वेगळी गादी होतात. चिकटवण्याची गरज नसते, रबरावर रबर सरकत नाही; चेन असलेली घट्ट सुती खोळ पुरते. उचलताना मात्र दोघे जण हवेत. 78 बाय 60 इंचांचा, तीन इंच जाडीचा एकच थर, घनमीटरला 80 किलो धरले तरी, 18 किलोंच्या वर जातो, आणि एका टोकाला धरून ओढला तर फाटतो.

पलंगाच्या पट्ट्यांमधली फट तीन इंचांहून कमी असावी. फळी सलग असेल तर तिला भोके पाडून घ्यावीत, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत. आणि गादीला ऊन दाखवण्याची आपली जुनी सवय इथे सोडावी लागेल: उन्हाने कापूस फुलतो, लॅटेक्स मात्र कडक होऊन त्याचा भुगा पडू लागतो. थर सुटे करून सावलीत, पंख्याखाली उभे केले की झाले.